बेणणीच्या आधीची बेणणी

पेण-रोह्यात तणाचा बंदोबस्त बेणणीला नाही, भर उन्हाळ्यात सुरू होतो. शेण, पालापाचोळा, गवत, झाडांच्या फांद्या रोपाच्या जागेवर पसरून राब भाजतात. वरच्या थरातलं तणाचं बी करपतं आणि भाताच्या रोपाला मोकळी जमीन मिळते. १८८५ साली ठाणे-कुलाब्यातल्या जंगलांच्या तक्रारींसाठी मुंबई सरकारनं आयोग नेमला, तेव्हा राबासाठीच्या फांद्या हा त्यातला मोठा वादाचा विषय होता. राबाकडे नुसतं राखेचं खत म्हणून पाहिलं, की त्याचं तण मारण्याचं काम नजरेतून निसटतं.

पुढचं काम चिखलणी करते. पहिल्या पावसावर उगवलेलं तण नांगराखाली गाडलं जातं. मग खाचरात पाणी उभं राहिलं, की उरलेल्या बियांना हवा मिळत नाही. म्हणूनच खेकड्यांनी पोखरलेला बांध इथे दुर्लक्षून चालत नाही. पाणी निघून गेलं, की आठवड्यात लव्हाळा वर येतो.

सगळ्यात चिवट ते पाखड. कोवळेपणी ते हुबेहूब भातासारखं दिसतं, त्यामुळे रोपं काढताना मुठीत येतं आणि लावणीत आपल्याच हातानं खाचरात रोवलं जातं. ओळखायचं ते पान खोडाला मिळतं तिथे. भाताला त्या सांध्यात पांढुरकी पातळ जिभली असते. पाखडाचा सांधा कोरा. वाकून, पान मागे दुमडून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. बेणणी करणाऱ्या बायकांची नजर आणि बोटं यात तयार झालेली असतात, आणि या कसबाचं मोल मजुरीत कधीच धरलं गेलं नाही, हे मला फार खटकतं.

आता तेच हात कमी पडतात. धाटाव, डोलवी इथल्या कारखान्यांत घरची तरुण माणसं गेली. डोलवहाळच्या कालव्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यालाही वेळेवर मजूर मिळणं कठीण, मग तणनाशकाचा पंप पाठीवर येतो. फवारणीला माझा विरोध नाही, पण पंजाब-हरियाणाचा अनुभव विसरता येत नाही. तिथे गव्हात पाखडासारखाच वेश घेणारा गुल्लीडंडा आहे. त्यावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध मारलं गेलं, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागू पडेनासं झालं.

खाडीकाठच्या खारेपाटात तर याहून अवघड पेच आहे. उधाणात बांधाला खांड पडली, की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं आणि भरतीबरोबर तिवरांचं बी येऊन रुजतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशानं आणि २०१८च्या निकालानं, जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिवरांचं कांदळवन तोडता येत नाही. किनारा राखायला हा कायदा हवाच. पण आपल्या शेतात उगवलेल्या या रोपाला शेतकरी विळाही लावू शकत नाही आणि औषधही. त्याच्यापुरता उपाय एकच उरतो: खांड पडल्या पडल्या, तिवर रुजायच्या आत, बांध बांधून घेणं. या कामाची सरकारी मंजुरी मात्र क्वचितच त्या वेगानं येते.