मतदानाआधीच्या बातम्या : दक्षिण आफ्रिका, 1994

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट उभी करणाऱ्या नॅशनल पार्टीचे दोन पंतप्रधान आधी संपादक होते. 1915 साली केपटाऊनला निघालेल्या ‘डी बर्गर’ या आफ्रिकान्स दैनिकाचे पहिले संपादक डी. एफ. मलान. 1948 साली ते पंतप्रधान झाले आणि वर्णभेद सरकारी धोरण बनले. हेंड्रिक फेरवूर्ट यांनी 1937 साली ‘डी ट्रान्सवालर’चे संपादकपद घेतले आणि 1958 साली पंतप्रधानपद. तिथे वृत्तपत्र आणि सत्ता एकाच घरात वाढली होती. त्यामुळे 26 ते 29 एप्रिल 1994 या दिवसांत सर्व वर्णांच्या नागरिकांनी पहिल्यांदाच एकत्र मतदान केले, तेव्हा मत कोणाला द्यायचे याइतकाच मोठा प्रश्न होता तो या निवडणुकीची बातमी कोण सांगणार हा.

सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी महामंडळ म्हणजे एसएबीसी. त्याचे अध्यक्षपद 1959 पासून अनेक वर्षे पीट मेयर यांच्याकडे होते आणि त्यातला बराच काळ ते ‘ब्रूडरबाँड’ या आफ्रिकानर गुप्त संघटनेचेही प्रमुख होते. देशात दूरचित्रवाणीच मुळी 1976 च्या जानेवारीत आली. लोकांनी जग पाहू नये, असे राज्यकर्त्यांना वाटत होते. कृष्णवर्णीयांसाठी 1960 पासून ‘रेडिओ बांटू’ होता. झुलूंना झुलूतून आणि खोसांना खोसातून कार्यक्रम ऐकवायचे आणि तुम्ही वेगवेगळे आहात हे रोज मनावर बिंबवायचे, ही त्यामागची योजना. पुढे लाखो नवे मतदार निवडणुकीच्या बातम्यांसाठी याच नभोवाणीवर अवलंबून राहणार होते.

इंग्रजी वृत्तपत्रे सरकारवर टीका करत, पण त्यांची मालकी खाणउद्योगाच्या पैशाशी जोडलेली होती आणि त्यांना डोळ्यांसमोर दिसे तो गोरा वाचक. मर्यादा ओलांडणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. 19 ऑक्टोबर 1977 रोजी कृष्णवर्णीय वाचकांचे ‘द वर्ल्ड’ हे दैनिक बंद करण्यात आले आणि संपादक पर्सी कोबोझा यांना तुरुंगात टाकले गेले. ‘द सिटिझन’ हे दैनिक सरकारच्या गुप्त निधीतून निघाल्याचे ‘रँड डेली मेल’ने 1978 साली उघड केले. त्या प्रकरणाने जॉन फॉर्स्टर यांचे राष्ट्राध्यक्षपद गेले. पण 1985 साली ‘रँड डेली मेल’ बंद पडले आणि ‘द सिटिझन’ चालू राहिले.

फेब्रुवारी 1990 मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. तिथून मतदानापर्यंतच्या चार वर्षांत राजकीय हिंसाचारात सुमारे 14 हजार माणसे मेली. या काळातला सर्वांत मोठा पक्षपात शोधायचा तर तो या मृत्यूंच्या बातम्यांत सापडतो. ‘काळ्यांची काळ्यांवरची हिंसा’ हे शब्द देशी-विदेशी वृत्तपत्रांत रोज छापले जात. झुलू विरुद्ध खोसा, झुलूंचा इंकाथा पक्ष विरुद्ध आफ्रिकन नॅशनल काँग्रेस अशी मांडणी होई. मृतांचा आकडा पोलिसांच्या पत्रकातून यायचा, कारणही पोलीसच सांगायचे. वस्तीतल्या बाईने रात्री काय पाहिले, हे विचारायला फार थोडे बातमीदार जात. वाचकाच्या मनावर ठसे ते एवढेच : ही माणसे आपसांत लढतात, यांच्या हाती राज्य गेले तर काय होईल?

खरे काय ते छोट्या, कफल्लक पत्रांनी खणून काढले. मॅक्स दु प्रीझ यांच्या ‘फ्राय वीकब्लाट’ या आफ्रिकान्स साप्ताहिकाने नोव्हेंबर 1989 मध्ये फ्लाकप्लासच्या पोलीस मारेकरी पथकाची कहाणी छापली. जुलै 1991 मध्ये ‘वीकली मेल’ने लंडनच्या ‘गार्डियन’बरोबर, सुरक्षा पोलीस इंकाथाला पैसे पुरवत असल्याचे दाखवून दिले. मार्च 1994 मध्ये न्यायमूर्ती गोल्डस्टोन यांच्या आयोगानेही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचा इंकाथाला शस्त्रे पुरवण्यात हात असल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्यांच्या पत्रकांवर वृत्तपत्रे विसंबून राहिली, ते पोलीस दलच त्या हिंसेत सामील होते. ‘फ्राय वीकब्लाट’ला मात्र तो निवडणुकीचा दिवस पाहता आला नाही. एका पोलीस जनरलने लावलेल्या बदनामीच्या खटल्याच्या खर्चाने ते 1994 च्या सुरुवातीलाच बंद पडले.

दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना हा धोका कळत होता आणि त्यावर त्यांनी उपायही केले, हे कौतुकाने नोंदवले पाहिजे. 1993 साली एसएबीसीचे नवे संचालक मंडळ उघड मुलाखती घेऊन निवडले गेले. निवडणूक काळात नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि सरकारी पैशांची प्रकाशने यांवर लक्ष ठेवायला कायद्याने स्वतंत्र माध्यम आयोग नेमला गेला. नागरिकांनीही ‘मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ सुरू करून बातम्या रोज तपासल्या. 14 एप्रिल 1994 ला मंडेला आणि राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले. वादाच्या शेवटी मंडेलांनी प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेतला. थोड्याच वर्षांपूर्वी ज्या माणसाचे छायाचित्र छापणे गुन्हा होता, त्याला त्याच महामंडळाने सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षांइतकाच वेळ दिला.

पण वेळ मोजता येतो तशी नजर मोजता येत नाही. खुद्द मंडेलांनी फेब्रुवारी 1994 मध्ये केपटाऊनला आंतरराष्ट्रीय पत्रकार संस्थेच्या मेळाव्यात स्वतंत्र वृत्तपत्रांचे महत्त्व आवर्जून सांगितले आणि त्याच भाषणात, संपादकांच्या खुर्च्यांत जवळजवळ सगळे मध्यमवर्गीय गोरे पुरुष बसले आहेत, याकडेही बोट दाखवले. या नजरेचे उदाहरण म्हणून 11 मार्चला ममाबाथोमध्ये काय घडले ते पाहा. अतिउजव्या गोऱ्यांच्या गाड्यांचा ताफा बोफुथात्स्वाना या कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशात घुसला आणि रस्त्यावरच्या कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडत गेला. परतताना त्यातले तीन गोरे एका पोलिसाच्या गोळीने कॅमेऱ्यांसमोर मेले. ती छायाचित्रे जगभर पहिल्या पानावर आली. त्यांच्या बंदुकांना बळी पडलेल्या स्थानिकांची नावे किती वाचकांना कळली?

शेवटच्या आठवड्यांत शेकडो विदेशी बातमीदार यादवी युद्ध टिपण्याच्या तयारीने आले होते. भीती निराधार नव्हती. 18 एप्रिलला थोकोझा या कृष्णवर्णीय वस्तीत छायाचित्रकार केन ऊस्टरब्रूक गोळी लागून गेले. मतदानाच्या तोंडावर जोहान्सबर्ग आणि जर्मिस्टनमध्ये बाँब फुटले. तरी एक गोष्ट खटकते. गोऱ्या वस्त्यांत डबाबंद अन्न साठवले जात असल्याच्या बातम्या भरपूर आल्या. वर्षानुवर्षे त्याच भीतीत जगणाऱ्या कृष्णवर्णीय वस्त्यांची भीती मात्र नेहमीची म्हणून बातमी ठरली नाही. कोणाच्या भीतीला बातमीचे मोल येते, यावरून पक्षपात नेमका कळतो. मग मतदान झाले, मैलभर लांब रांगा शांतपणे पुढे सरकल्या आणि यादवीचे भाकीत कोसळले.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सगळीकडे ‘चमत्कार’ हा एकच शब्द ऐकू येऊ लागला. मतमोजणीच्या वेळी कोणीतरी संगणकात घुसून काही पक्षांची मते फुगवली होती, मोजणी रखडली होती. क्वाझुलू-नाताळमधल्या गैरप्रकारांच्या तक्रारी गंभीर होत्या. तिथे इंकाथाला पन्नास टक्क्यांहून किंचित जास्त मते मिळाली. 6 मे रोजी न्यायमूर्ती योहान क्रीग्लर यांच्या निवडणूक आयोगाने निवडणूक मुक्त आणि न्याय्य झाल्याचे जाहीर केले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला 62.65 टक्के मते मिळाली होती आणि देशाचा एकूण कौल निर्विवाद होता. तरी संगणकातल्या त्या घुसखोरीची सविस्तर हकीकत वाचकांपुढे आली ती 2010 साली, आयोगात काम केलेल्या पीटर हॅरिस यांच्या पुस्तकातून. शांतता टिकावी म्हणून त्या वेळच्या पत्रकारांनी प्रश्न मऊ केले. त्यांची तळमळ मला समजते, पण चांगल्या हेतूने झाकलेली बातमीसुद्धा झाकलेलीच असते.

हिशेब उशिरा मागितला गेला. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन व समेट आयोगाने सप्टेंबर 1997 मध्ये माध्यमांची खास सुनावणी घेतली. ‘डी बर्गर’ची मालक कंपनी नासपर्स तिथे आली नाही, तिच्या वृत्तपत्रांतल्या शंभराहून अधिक पत्रकारांनी मात्र स्वतःहून निवेदने देऊन आपला वाटा कबूल केला. कंपनीची अधिकृत माफी आली 2015 साली, म्हणजे ‘डी बर्गर’ सुरू झाल्यानंतर शंभर वर्षांनी.

1994 च्या या अनुभवातून माझा निष्कर्ष असा. पहिल्या निवडणुकीत माध्यमांना समतोल ठेवायचा असेल तर उमेदवारांना समान मिनिटे देणे आवश्यक आहे आणि अपुरेही आहे. संपादकाच्या खुर्चीत कोण बसते, मालकाचे हितसंबंध कुठे आहेत, मृत्यूचे कारण कोणाच्या तोंडून छापले जाते आणि मतदाराच्या भाषेत त्याला काय ऐकवले जाते, यांवर खरा न्याय ठरतो. दक्षिण आफ्रिकेच्या लोकशाहीचे श्रेय मंडेला आणि डी क्लर्क यांना मिळाले, ते योग्यच आहे. त्यातला एक मोठा वाटा ‘रँड डेली मेल’, ‘द वर्ल्ड’ आणि ‘फ्राय वीकब्लाट’ यांचाही आहे. खरी बातमी छापण्याची किंमत या तिन्ही पत्रांनी मोजली, आणि मतदानाच्या दिवशी त्यांपैकी एकही छापले जात नव्हते.