बंदरावरची जकात आणि आपला ऊस

आडसाली उसाची लागण करिताना आपला बागाईतदार पाटाची पाळी, बेणे, खत व मजुरी यांचा हिशेब चोख मांडतो. परंतु ज्या गोष्टीवर त्या उसाची किंमत अखेर पुष्कळशी अवलंबून असते ती त्याच्या वहीत सहसा नसते; ती म्हणजे बंदरावरील जकात व निर्यातीचा परवाना. नगर जिल्ह्यातील ऊस पाण्याइतकाच जकातीवर वाढला, हे आमचे म्हणणे कित्येकांस अतिशयोक्तीचे वाटेल. सबब थोडा मागील इतिहास सांगणे अवश्य आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला. गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगावकडे तो त्यापूर्वीच आला होता. हा ऊस बहुतांशी गुळासाठीच होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचा भाव असा कोसळला की, पाणीपट्टी व गुऱ्हाळाचा खर्च वजा जाता बागाईतदाराच्या हाती सावकाराचे व्याजसुद्धा उरेना. याच सुमारास जावा बेटातील पांढरी साखर आपल्या बंदरांत वर्षाकाठी नऊ लाख टनांवर उतरत होती. जावातील मळेवाल्यांपाशी ‘पी. ओ. जे. २८७८’ ही त्या काळची अव्वल जात होती, शास्त्रज्ञ होते व भांडवलही होते. त्यांच्याशी आमच्या चरकाने व काहिलीने टक्कर द्यावी, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९३२ साली साखरेच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी साखरेवर दर हंड्रेडवेटास, म्हणजे सुमारे ५१ किलोंस, ७ रुपये ४ आणे संरक्षक जकात बसली. अधिभार धरून ती ९ रुपये १ आणा झाली. जो कारखाना काल तोट्याचा होता तो एका रात्रीत फायद्याचा ठरला. देशात सुमारे ३० कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत १३० च्या वर गेले. आपल्याकडे हरेगावास बेलापूर कंपनी होतीच. १९३३ साली महादेव डहाणूकर यांची महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापन झाली व टिळकनगर वसले.

या संरक्षणाचा पहिला घास मात्र कुणब्याच्या ताटात पडला नाही. उसाचा किमान दर ठरविण्याची मुभा प्रांतांस देणारा कायदा १९३४ साली झाला, व त्याचा उपयोग संयुक्त प्रांताने व बिहारने केला. दख्खनमधील कारखाने तर शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन आपला ऊस बहुतांशी आपणच पिकवीत. जमीन आमची, नदी आमची, आणि जकातीने वाढलेला भाव दुसऱ्याच्या पदरात, असा तो प्रकार होता. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीस जो सहकारी कारखाना उभारिला व १९५०-५१ च्या हंगामात चालू केला, त्याचे खरे मर्म आम्हांस येथे दिसते. जकातीचा लाभ उसाच्या धन्यापर्यंत पोचविणारी ती पहिली वाट होय.

परदेशी माल आत येण्याची वाट अशी अरुंद झाली. आपला माल बाहेर जाण्याच्या वाटेची कथा निराळी आहे. १९३७ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय साखर-करारान्वये ब्रह्मदेशाखेरीज अन्यत्र समुद्रमार्गे साखर पाठविण्यास हिंदुस्थानास पाच वर्षे मनाई झाली. तेव्हा सरकार परके होते. पुढे ते आपले झाले, तरी निर्यातीची दोरी दिल्लीतच राहिली.

अलीकडचेच उदाहरण घ्या. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. हा उच्चांक होता. १ जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले आणि २०२३-२४ च्या हंगामात ती मुळीच होऊ दिली नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला होता व साखर कमी पडेल ही भीती सरकारास वाटली. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, व दुसऱ्याच दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली. राहुरी-पारनेरकडच्या ज्या घरी ऊसही होता व कांदाही होता, त्या घरास एका आठवड्यात दोन तडाखे बसले.

आता भाव पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडास सुमारे २८ सेंट, म्हणजे बारा वर्षांतील सर्वोच्च होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने १० लाख टन निर्यातीस परवानगी दिली, तेव्हा तो सुमारे १८ सेंटांवर आला होता. टनाचा हिशेब केल्यास हा फरक सुमारे २२० डॉलरांचा पडतो. दरम्यान महाराष्ट्रातील २०२३-२४ चे उत्पादन अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक निघाले. जुलै २०२२ मध्ये आडसाली लावणाऱ्याने निर्यातीचा उच्चांक नुकताच ऐकला होता. सतरा महिन्यांनी त्याची तोड आली, तेव्हा दार बंद होते.

बाहेरचे लोक मात्र आम्हांस सरकारचे लाडके समजतात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी २०१९ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील पंचमंडळाने निकाल दिला की, भारत ऊस-उत्पादकांस उत्पादनाच्या मूल्याच्या दहा टक्क्यांहून अधिक साहाय्य देतो. वस्तुतः उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्यास आपण एफ. आर. पी. म्हणतो, तो कारखाने देतात. सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसा जात नाही. हा भारताचा मुद्दा पंचांनी मानला नाही. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. परंतु अपील ऐकणारे मंडळ २०१९ च्या अखेरीपासून सदस्यांअभावी बंद पडलेले होते. एफ. आर. पी. ‘साहाय्य’ म्हणून मोजावयाची, तर निर्यातबंदीने बुडालेला भाव त्यातून वजा का करू नये, हा आमचा प्रश्न आहे.

ग्राहकास साखर स्वस्त मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी एवढीच की, पुढील दोन हंगामांत किती साखर बाहेर जाऊ द्यावयाची हे सरकारने जूनमध्ये, आडसालीच्या लागणीपूर्वी, जाहीर करावे. आणि पुढे टंचाई आलीच तर सरसकट बंदीऐवजी निर्यातीवर चढता कर बसवावा. इकडे आपल्या सभासदांनीही एक काम केले पाहिजे. रंगराजन समितीने २०१२ साली सुचविलेल्या सूत्राप्रमाणे साखर व उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा उसास मिळावयाचा आहे. कारखान्याने निर्यातीचा कोटा स्वतः वापरला की दुसऱ्यास दिला, आणि त्याचे पैसे या हिशेबात धरले की नाही, ते वार्षिक सभेत लेखी विचारावे.