पंपाविना हिरवी टाकी: एका जुन्या पद्धतीचा मागोवा

घरगुती मत्स्यालयाची सुरुवात यंत्राविना, जिवंत वनस्पतींच्या बळावर चालणाऱ्या टाकीने झाली. लंडनच्या अपोथेकरीज सोसायटीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये 12 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 54 लिटरच्या काचपात्रात वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरियाचे रोप लावले आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. आरंभी सारे सुरळीत चालले. मग रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी पाणी उपसून टाकले नाही. तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि काचेवरचा थर फस्त केला, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली, आणि पाणी न बदलताही टाकी स्वच्छ राहू लागली. ही निरीक्षणे त्यांनी 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडली. माती, वनस्पती, मोजके मासे आणि गोगलगायी हे आजच्या कमी खर्चाच्या टाकीचे चारही घटक त्या एका पात्रात होते.

ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय घरांत टाक्यांची लाट आली. जर्मनीत एमिल रॉसमेसलर यांनी 1856 मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून गोड्या पाण्याच्या टाकीचा छंद रुजवला.

वॉरिंग्टन यांची पद्धत बरोबर असली, तरी तिचे स्पष्टीकरण अपुरे होते. वनस्पती प्राणवायू देतात, मासे कर्बवायू देतात, म्हणून तोल राहतो, असे तेव्हा मानले जाई. प्रत्यक्षात टाकीतल्या वायूंची बरीचशी देवघेव पाण्याच्या पृष्ठभागावर हवेशी होते, आणि रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. माशांना मारतो तो मुख्यतः त्यांच्याच विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया. मातीतले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवून दिले. टाकीच्या आरोग्याचे खरे गमक त्या शोधात होते. छंदाच्या जगाला ते उमगायला मात्र बराच काळ लागला.

दरम्यान 20व्या शतकात वीज घरोघर पोहोचली आणि टाकी यंत्रांच्या हाती गेली. हवेचा पंप आला, रेतीखालचा फिल्टर आला, हीटर आला. 1960 च्या दशकापासून सिलिकॉनने जोडलेल्या काचा मिळू लागल्या आणि लोखंडी चौकटीच्या, लांबी भरलेल्या जड टाक्या मागे पडल्या. मुंबईत 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांनी रंगीत मासे पहिल्यांदा तिथे पाहिले. घरात आली ती टाकी मात्र निळ्या खड्यांची, प्लास्टिकच्या झाडांची आणि सतत बुडबुडे सोडणाऱ्या पंपाची. अशा टाकीत घाण शोषणारी जिवंत रोपे नसल्यामुळे दर आठवड्याला सारे उपसून धुणे आले, आणि त्या धुण्यात उपयोगी जिवाणूही वाहून गेले. मासे वारंवार मरण्याचे हे एक मोठे कारण होते.

वनस्पतींची आवड युरोपात टिकून राहिली. नेदरलँड्समध्ये मासे दुय्यम ठेवून रोपांच्या ओळी रचण्याची शैली वाढली. जर्मनीत टाकीत कर्बवायू सोडण्याची आणि तळाला मंद ऊब देण्याची साधने निघाली. मग जपानच्या निइगाता प्रांतातले छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी 1982 मध्ये आपली कंपनी काढली आणि टाकीला डोंगर-कुरणाच्या देखाव्याचे रूप दिले. शेवाळ खाणाऱ्या ज्या कोळंबीला आज जगभर त्यांचे नाव आहे, तिचा वापरही त्यांनीच रूढ केला. अमानोंच्या टाक्या अतिशय सुंदर आहेत. पण दाबाचा कर्बवायू, प्रखर दिवे, रोजची खते आणि दर आठवड्याची छाटणी यांमुळे ही शैली सामान्य खिशाला परवडत नाही. साखर आणि यीस्ट घातलेल्या बाटलीतून कर्बवायू मिळवणे, शेतीची खते मोजून घालणे असे स्वस्त पर्याय 1990 च्या दशकात पुढे आले; त्यांनी खर्च कमी केला, राबणूक नाही.

निर्णायक वळण 1999 मध्ये आले. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डायना वॉल्स्टॅड यांनी ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात दीडशे वर्षांपूर्वीच्या टाकीला पक्का शास्त्रीय आधार दिला. त्यांचे मुख्य म्हणणे असे की, बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. म्हणजे दाट लावलेली टाकी स्वतःच एक फिल्टर असते. कर्बवायूसाठी सिलिंडर लागत नाही. तळाच्या मातीतला सेंद्रिय अंश कुजताना तो सुटत राहतो. पाण्यात कर्बवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो, म्हणून बुडालेली रोपे बहुधा त्याचीच टंचाई सोसतात. यावर वॉल्स्टॅड यांनी सुचवलेला उपाय फुकटचा आहे: सकाळी काही तास दिवा, दुपारी चारेक तास विश्रांती, मग संध्याकाळी पुन्हा दिवा. विश्रांतीच्या वेळात पाण्यातला कर्बवायू पुन्हा साठतो. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वनस्पतींची पाने तो थेट हवेतून घेतात, त्यामुळे त्या झपाट्याने वाढतात, जादा अन्नद्रव्ये ओढून घेतात आणि शेवाळ उपाशी राहते.

ही पद्धत महाराष्ट्रातल्या घरात उतरवायला फार काही लागत नाही. 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच टाकी काचवाल्याकडून 5 मिलिमीटर काचेत करून घेता येते. तिच्यातही साधारण 54 लिटरच मावतात. मातीसकट वजन 70 किलोच्या घरात जाते, म्हणून खालचा आधार भक्कम आणि सपाट हवा. याहून लहान काचेच्या भांड्यांचा मोह टाळावा: पाणी जितके थोडे, तितका तोल लवकर बिघडतो.

सर्वाधिक विचार मातीचा करावा लागतो. खते, शेण किंवा युरिया न घातलेली साधी बागेतली माती चाळून एक इंच पसरावी. देशावरची काळी माती अन्नद्रव्ये धरून ठेवते. तिच्यात चुनखडी असेल तर पाणी जड होते, आणि ती बारीक असल्याने ढवळली तर पाणी पुष्कळ गढूळते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती लोहयुक्त पण आम्लधर्मी असते, तिच्यात शिंपल्यांचा थोडा चुरा मिसळणे हिताचे. दोन्हींवर धुतलेल्या जाड वाळूचा इंचभर थर लागतो. तो फार जाड किंवा फार बारीक वाळूचा केला तर खालची माती गुदमरते आणि तिथे कुजका वास धरतो.

नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की क्लोरिन उडून जातो. बोअरचे जड पाणी गप्पी माशांना आणि व्हॅलिस्नेरियाला मानवते. रोपे पहिल्याच दिवशी दाट लावणे हे या पद्धतीचे मर्म आहे. दोन-चार काड्या लावून वाट पाहणाऱ्या टाकीत शेवाळच आधी येते. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवॉर्ट भराभर वाढतात. क्रिप्टोकोरीन सावकाश पण वर्षानुवर्षे टिकते. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला किंवा लाकडाला बांधतात, त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. पहिल्या काही आठवड्यांत माती अमोनिया सोडते, त्या काळात थोडे थोडे पाणी बदलत राहावे आणि मासे तीन-चार आठवड्यांनी, तेही मोजके आणावेत. पुढे पाणी कधीतरीच बदलावे लागते, खाद्य मात्र रोज हात राखूनच घालायचे. प्रकाशाला साधी पांढरी एलईडी नळी पुरते.

नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा हा खरा कसोटीचा काळ. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. अशा वेळी झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याची झुळूक सोडावी. बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरते. टाकीत मासे कमी असतील तरच हा काळ पंपाविना निभावतो.

रोपे कुठून आणावीत, हेही महत्त्वाचे आहे. सातारा भागातल्या पठारांवर उगवणारा वायतुरा ही मोजक्याच जागी उरलेली पाणवनस्पती आहे, ती तिथून उपटून टाकीत लावणे हा गुन्हा समजावा. तिचे कंद पावसाळी पठारासाठी घडलेले आहेत. छंदी लोकांच्या टाक्यांतून छाटून निघणारी रोपे बहुतेकदा फुकट किंवा अल्प मोलात मिळतात, आणि ती टाकीच्या पाण्याला सरावलेलीही असतात. उलट दिशेचा धोका त्याहून मोठा आहे. शोभेसाठी परदेशातून आलेल्या जलपर्णीने पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठेची पात्रे झाकून टाकली आहेत. डास आटोक्यात ठेवण्यासाठी आरोग्य विभाग देतो ते गप्पी बंदिस्त हौद-टाक्यांत ठीक, ओढ्यात सुटले की स्थानिक माशांना जड जातात. म्हणून छाटलेली पाने आणि काड्या नदी-नाल्यात न टाकता उन्हात पुरत्या वाळवाव्यात आणि कुंडीच्या खतात मिसळाव्यात. वाढलेली पिल्ले दुसऱ्या पाळणाऱ्याकडे किंवा दुकानात द्यावीत.