पाच नद्यांच्या गावात कचऱ्याला जागा कुठे?

तंजावरजवळच्या तिरुवैयारुच्या नावातच पाच नद्या आहेत : कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु. अशा ठिकाणी घरगुती कचऱ्याचा प्रश्न अखेर जमिनीचा ठरतो. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावाची जागा नदीपासून १०० आणि तळ्यापासून २०० मीटर दूर ठेवण्याची अट घातली. नद्या, कालवे आणि भातखाचरांनी व्यापलेल्या त्रिभुज प्रदेशात अशी जागा सहज मिळत नाही. काठावरचा ढीग तर पुरासोबत खालच्या गावांचा होतो.

म्हणून इथे विल्हेवाटीपेक्षा वर्गीकरण महत्त्वाचे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे नियमांनी बंधनकारक केले; दारोदार संकलन स्थानिक संस्थेवर सोपवले. ओल्याचे खत गावातच झाले, तर भरावासाठी थोडेच उरते. मात्र कंत्राटदाराला वाहिलेल्या टनांवर मोबदला मिळत असेल, तर कचरा कमी करण्यात त्याला रस का असावा?

पौष वद्य पंचमीच्या त्यागराज आराधनेला बाहेरगावचे रसिक लोटतात. परवानाप्राप्त स्थळाबाहेर शंभरांहून अधिक लोक जमवणाऱ्याने कामकाजाचे तीन दिवस आधी कळवावे आणि कचरा जागीच वेगळा करावा, असे २०१६च्या याच नियमांनी सांगितले होते. त्यांचा आग्रह धरला नाही, तर पाहुण्यांच्या कचऱ्याचा भार रहिवाशांच्या करावर पडतो. पंढरपूर-आळंदीच्या नगरपरिषदांना हा हिशेब परका नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने घनकचरा नगरसंस्थांच्या विषयांत घातला. यात्रेचा खर्च पेलण्याचे बळ मात्र राज्यांनीच द्यायला हवे.