हंडा, मजुरी आणि रक्तक्षय

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कष्टकरी स्त्रीची सततची डोकेदुखी आणि थकवा यांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात जागा नाही. घरात तर ती कुरकुरच ठरते. वास्तविक तिच्या मुळाशी पुष्कळदा रक्तक्षय असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षयी स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ५४ टक्क्यांवर गेले. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. उन्हाळ्यात हंड्यासाठी मैलोन् मैल चालणारी स्त्रीही तेथलीच! उन्हातील पायपीट आणि पोटात अपुरे पाणी, एवढ्यानेही डोके दुखते.

सरकारी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. परंतु त्यांनी मलावरोध होतो, पोट फुगते, आणि गोळ्या फळीवरच राहतात. त्रास झाल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर चहा पिऊ नये, लिंबू मात्र उपकारक, हे कोणी समजावीत नाही. पोटफुगी काही आठवडे हटली नाही, तर गोळीला दोष देत न बसता डॉक्टरी तपासणीच हवी. मात्र त्यासाठी तिने दिवसाची मजुरी बुडवावी, ही अपेक्षा अव्यवहारी आहे. रक्ततपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजारातच झाली पाहिजे.