बॅटल मॅट घेताय? आधी चौकोन मोजा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांकडून हमखास येणारा प्रश्न : मॅट कोणती घेऊ? चित्र बघून भुलू नका, आधी चौकोन बघा. १ इंचाचा चौकोन म्हणजे खेळातलं ५ फूट अंतर. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे स्फोटच ८ चौकोन रुंद! त्यात प्रौढ ड्रॅगन ३ बाय ३ चौकोन अडवून बसतो. साधारण २४ बाय ३० इंचांच्या मॅटवर ही लढाई छान मावते. त्याहून मोठी घेतली, तर वह्या, फासे आणि चहाचे कप ठेवायचे कुठे?

माझी पसंती साध्या व्हिनाइल मॅटला. चेसेक्स कंपनीच्या मॅटवर एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला षटकोन असतात. गुहा, नदी, पडका वाडा, हवं ते काढा, पुसा, पुन्हा काढा. पण पेन ओल्या फडक्यानं पुसलं जाणारंच हवं, ओएचपी शीटवर चालायचं ते. व्हाइटबोर्ड मार्करचे डाग व्हिनाइलवरून जाता जात नाहीत. लाल शाई तर जास्तच चिवट, ती आधी कोपऱ्यात वापरून बघा. आणि खेळ संपला की लगेच पुसा, रात्रभर ठेवू नका.

निओप्रीनच्या छापील मॅट देखण्या असतात, फासेही त्यांवर आवाज न करता पडतात. पण जंगल छापलंय म्हणजे दर वेळी जंगलच.

मॅट कोणतीही असो, गुंडाळून ठेवा. व्हिनाइलला घडी पडली की मिनिएचर कलंडतात.