तुपातले कोलेस्टेरॉल आणि चुलीची आच

बारामती-इंदापूर हा उसाइतकाच दुधाचा पट्टा, त्यामुळे इथे कोलेस्टेरॉलचा विषय हटकून तुपावर येतो. माझ्या मते मात्र तुपाइतकाच विचार आचेचाही व्हायला हवा. तापलेल्या कोलेस्टेरॉलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की ऑक्सिस्टेरॉल तयार होतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना ती इजा करतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. १९८७ मध्ये मार्क जेकबसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तुपातील १२.३ टक्के स्टेरॉल या रूपात असल्याचे नोंदवले. ताज्या लोण्यात ती आढळली नव्हती.

आपले यकृतही पित्ताम्ले बनवताना ऑक्सिस्टेरॉल बनवतेच, मग ताटातल्यांनी काय बिघडते? शरीरात ती एन्झाइमांच्या ताब्यात, गरजेपुरती बनतात. कढईत तसा लगाम नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढ्या पुराव्यावर हृदयविकाराचे खापर तुपावर फोडता येत नाही, मधुमेह, तंबाखू, पोटाचा घेर ही कारणे कितीतरी भक्कम आहेत. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच वरणभातावरच्या चमचाभर साजूक तुपाला माझी हरकत नाही, संपृक्त चरबीमुळे हात आखडता असावा इतकेच. लोणी कढवताना बेरी बदामी झाली की पातेले उतरवावे, आणि तळणाचे उरलेले काळपट तूप पुन्हा कढईत ओतू नये.